स्पॅनिशमधल्या इम्परफेक्ट सबजंक्टिव्हचे तक्ते घोकायचे कशाला?

धागाकर्ता: कालच्या धाग्यावर एका विद्वानाने स्पॅनिशच्या नवशिक्यांना सल्ला दिलाय: इम्परफेक्ट सबजंक्टिव्हसाठी, म्हणजे भूतकाळातली इच्छा किंवा 'असतं तर' सांगणाऱ्या रूपासाठी, रोज दहा क्रियापदांचे तक्ते घोका. अहो, प्रेटेरिटमधलं, म्हणजे साध्या भूतकाळातलं, अनेकवचनी 'ते'चं रूप घ्या, शेवटचं 'रोन' उडवा, रा-रास-रा-रामोस-राइस-रान लावा. तुबिएरोन (त्यांच्याकडे होतं), तुबिएरा. दुर्मिएरोन (ते झोपले), दुर्मिएरा. एकही अपवाद नाही.

खडूस_काका: अपवाद नाही, कबूल. पण मुळात प्रेटेरिट कुणाला येतो? 'देसिर'चं (सांगणं) दिखिएरोन करतात, मग दिखिएरा. हवं दिखेरोन, दिखेरा. 'ख'नंतरचा इ गळतो.

तिरपागडा: सरसकट नाही हो काका! तेखेर, म्हणजे विणणं, त्याचं तेखिएरोनच. इ गळतो तो देसिर, त्राएर (आणणं), कोंदुसिर (गाडी चालवणं) असल्या प्रेटेरिटमध्ये वाकड्या होणाऱ्यांचा.

खडूस_काका: बरं बुवा, विणा तुम्ही. आघातचिन्हाचं काय? आब्लार म्हणजे बोलणं; त्याच्या 'आब्लारा'त जोर 'ब्ला'वर असेल तर सबजंक्टिव्ह, 'रा'वर गेला की भविष्यकाळ. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून सगळे बिनधास्त. आणि आब्लारामोसमध्ये 'ब्ला'वर चिन्ह लिहावंच लागतं.

सौ_टिंब: रूपांवरून कसले भांडताय? घोळ वापरात आहे. 'तू यावंस अशी इच्छा आहे' आणि 'होती', आपलं 'यावंस' हलत नाही. तिकडे किएरो के बेंगास, पण केरिया के बिनिएरास. 'पैसे असते तर घर घेतलं असतं' यात आपल्याकडे दोन्हीकडे 'असतं'चीच रूपं, म्हणून मराठी माणूस 'तर'कडचं रिया-रूप 'जर'कडेही ठोकतो: 'सि तेंद्रिया'. हवं सि तुबिएरा दिनेरो, कोंप्रारिया ऊना कासा.

तिरपागडा: 'सि तेंद्रिया' उत्तर स्पेनमध्ये बिल्बाओकडे ऐकू येतं.

सौ_टिंब: मग परीक्षा बिल्बाओत द्या!

व्याकरणद्वेष्टा: आणि याच सबजंक्टिव्हची 'रा'ऐवजी 'से' लावून होणारी रूपं? तुबिएसे, आब्लासे? धागाकर्त्याने अर्धा तक्ता गिळलाय.

धागाकर्ता: लॅटिन अमेरिकेत बोलण्यात 'से' क्वचितच. उगाच ओझं.

व्याकरणद्वेष्टा: क्वचित म्हणजे नाही असं नव्हे. स्पेनमधलं काहीही वाचायला घ्या, पानापानावर भेटेल.

तिरपागडा: शिवाय दोन्ही जुळी नाहीत. 'रा' लॅटिनच्या अमावेराम या साध्या विधानातल्या भूतकाळी रूपातून आला, 'से' अमाविस्सेम या सबजंक्टिव्ह रूपातून. म्हणून बातम्यांत 'एल लिब्रो के पुब्लिकारा' म्हणजे 'प्रसिद्ध केलेलं पुस्तक' असा साधा भूतकाळ निघतो. आणि कॉफी मागताना नम्रपणे किसिएरा ('हवी होती') म्हणतात, किसिएसे नाही.

व्याकरणद्वेष्टा: म्हणजे दोन्ही शिकवायलाच हवेत. धन्यवाद.

धागाकर्ता: 'से' ओळखण्यापुरता शिकवेन. घोकायला लावणार नाही म्हणजे नाही.