ऑनलाइन भाव आणि दुकानातला भाव

काही जण म्हणतात की वस्तूचा ऑनलाइन दिसतो तो भाव दुकानदाराने द्यायलाच हवा. मला हे पटत नाही. वेष्टनबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार छापील किंमत ही सर्व करांसह कमाल मर्यादा असते. तिच्यापेक्षा जास्त घेतले तर तक्रार जरूर करा. पण त्याखाली किती उतरायचं हे दुकानदाराने ठरवायचं, दुसऱ्याच्या भावाशी बरोबरी करायचं बंधन त्याच्यावर नाही.

गेल्या वर्षी फ्रिज घेताना मीही ऑनलाइन भाव दाखवायला मोबाइल पुढे केला होता. दुकानदार काकांनी शांतपणे तो भाव उघडून दाखवला: त्यात एका बँकेच्या क्रेडिट कार्डाची सूट आणि जुन्या फ्रिजच्या बदल्यातली रक्कम आधीच वजा केलेली होती. माझ्याकडे ते कार्डही नव्हतं आणि द्यायला जुना फ्रिजही नव्हता. शिवाय मॉडेल नंबरची शेवटची दोन अक्षरं वेगळी! काही कंपन्या ऑनलाइन विक्रीसाठी वेगळी मॉडेलं काढतात, तेव्हा नंबर पूर्ण जुळवल्याशिवाय तुलनाच होत नाही.

उरलेल्या फरकातले काकांनी निम्मे कमी केले आणि फ्रिज तिसऱ्या मजल्यावर चढवून दिला. लिफ्ट नसलेल्या इमारतीत त्याचं मोल मला फार वाटलं.

मात्र दुकानाने स्वतःच 'कुठेही स्वस्त मिळाल्यास फरक परत' अशी पाटी लावली असेल, तर तो शब्द त्याने पाळलाच पाहिजे. अटी मात्र बिल करण्याआधी विचारून घ्या.