जनआरोग्य योजनेच्या दवाखान्याने ऑपरेशन नाकारलं, तक्रार कुठे करू?

मंडळी, मदत हवी आहे. चोपडा तालुक्यातले आमचे एक नातेवाईक, एचआयव्हीसह जगणारे, गोळ्या नियमित चालू. जळगावच्या एका खाजगी दवाखान्यात महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून ऑपरेशन ठरलं होतं. रक्ताचा रिपोर्ट आला आणि फाइलवर लाल पेनाने मोठ्या अक्षरांत 'पॉझिटिव्ह' लिहिलं, तेही सगळ्यांना दिसेल असं. मग "सोय नाही, धुळ्याला जा" म्हणून वाटेला लावलं. बिचारे एवढंच म्हणाले, "मना काय गुन्हा शे?"

माझ्या माहितीप्रमाणे २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने (लागू १० सप्टेंबर २०१८) या कारणावरून उपचार नाकारता येत नाहीत, दवाखाना सरकारी असो की खाजगी. वीस किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या दवाखान्यात तक्रार अधिकारी हवा, आणि राज्यात याच कायद्याखालच्या तक्रारी ऐकणारा लोकपाल (भ्रष्टाचारवाला नव्हे). इथे तर सरकारी पैसाही घेतात, म्हणून जास्तच चीड येते.

नकार तोंडी आहे, लेखी मागितला तर देत नाहीत. आरोग्यमित्राने (दवाखान्यात बसणारा योजनेचा मदतनीस) हात वर केले. लोकपालाकडे कोणी अर्ज केलाय का? कुठे द्यायचा? योजनेच्या जिल्हा समन्वयकाकडेही सोबत द्यावा का? गावात नाव फुटू नये, ही मुख्य काळजी. अनुभव असेल तर कृपया मेसेज करा, दुखणं वाढतंय.