एम.टेक. बायोइंजिनीअरिंग: दुसऱ्या सत्रातील ऐच्छिक विषयांबद्दल मदत हवी आहे

नमस्कार. मी बायोटेक्नॉलॉजीची पदवी घेऊन बायोइंजिनीअरिंगच्या एम.टेक.च्या पहिल्या वर्षात शिकत आहे. पुढील वर्षीचा माझा प्रकल्प सांध्यातील कूर्चेसाठी हायड्रोजेलचा (पाणी धरून ठेवणाऱ्या जेलचा) स्कॅफोल्ड (पेशी वाढण्यासाठीचा आधार-सांगाडा) तयार करण्याचा असून त्यासाठी दुसऱ्या सत्रात दोनच ऐच्छिक विषय घेता येतात. जैवसांख्यिकी मी निश्चित केली आहे, कारण प्रयोगांची आखणी तिच्याशिवाय नीट होणार नाही असे मला मनापासून वाटते. उरलेल्या जागेसाठी ट्रान्सपोर्ट फिनॉमिना (द्रव, उष्णता व पदार्थ यांच्या वहनाचा अभ्यास) आणि बायोमेकॅनिक्स (शरीरावरील बले व हालचाली यांचा अभ्यास) हे दोन पर्याय आहेत व त्यांचे तास एकाच वेळी असल्याने एकाला श्रोता म्हणून बसणेही शक्य नाही.

कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे तिथल्या पेशींचे पोषण विसरणावर (पदार्थ जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे आपोआप पसरण्यावर) अवलंबून असते. परंतु सांध्यावर पडणाऱ्या भारामुळे ऊतीतील द्रवही हलतो, म्हणून दोन्ही विषय प्रकल्पाशी थेट जोडलेले आहेत. मार्गदर्शकांनी निर्णय माझ्यावर सोपवला आहे. दोन्ही अभ्यासक्रम मी वाचले, वरिष्ठ विद्यार्थ्यांनाही विचारले, पण त्यांच्यापैकी बहुतेकांचे काम बायोसिग्नल्सचे (ईसीजीसारख्या शरीरातील संकेतांचे) आहे. माझे गणित साध्या विकल समीकरणांपर्यंत पक्के आहे; आंशिक विकल समीकरणे आणि टेन्सर मी शिकलेलो नाही. प्रयोगशाळेत संपीडन चाचणीचे (नमुना दाबून तपासण्याचे) यंत्र आहे, बायोरिॲक्टर (नियंत्रित वातावरणात पेशी वाढवण्याचे उपकरण) मात्र नाही.

ऊती अभियांत्रिकीत काम केलेल्यांनी कृपया सांगावे: या दोनपैकी कोणता विषय वर्गात, शिक्षकांच्या हाताखालीच शिकायला हवा आणि कोणता उन्हाळ्याच्या सुट्टीत एनपीटीईएलच्या ऑनलाइन व्याख्यानांवरून प्रकल्पापुरता स्वतः शिकता येईल?