मदरबोर्ड बदलण्याआधी एसएमपीएस तपासा

पीसी चालता चालता अचानक बंद पडला की प्रोसेसर तापतोय, थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला मदत करणारा लेप) बदला, असा सल्ला मिळतो, आणि तो बरोबरच आहे. पण पेस्ट बदलून, पंख्यातली धूळ काढूनही पीसी बंद पडत असेल तर लगेच मदरबोर्डला दोष देऊ नका, आधी एसएमपीएस, म्हणजे पीसीच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, तपासा. सांगलीत आमच्या घरचा 2011 सालचा डेस्कटॉप असाच वागायचा. टायपिंग करताना तासन्‌तास चालायचा, मुलीने व्हिडिओ एडिटिंग सुरू केलं की पाच मिनिटांत खटकन बंद. दुरुस्तीवाल्याने तर बोर्ड गेला म्हणूनच सांगितलं होतं.

शेवटी व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर घेऊन एसएमपीएस तपासायला बसलो. हार्ड डिस्कसाठीच्या जुन्या चार पिनांच्या कनेक्टरमध्ये पिवळी वायर 12 व्होल्टची, काळी ग्राउंडची. त्यात 5 टक्के कमीजास्त चालतं, म्हणजे 11.4 ते 12.6. आमच्याकडे पीसीवर कुठलाही प्रोग्राम चालू नसताना 11.8 दिसायचे, आणि व्हिडिओ रेंडर व्हायला लागला की आकडा डोळ्यांदेखत 11.1 वर, म्हणजे मर्यादेच्याही खाली यायचा. नवा एसएमपीएस बसवला, तोच बोर्ड अजून व्यवस्थित चालतोय. एक मात्र कळकळीने सांगतो, जुना एसएमपीएस खोलून बघायला जाऊ नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, जबर शॉक बसू शकतो.