दत्तक कुत्र्याला मार द्यावा का?

परभणीकर: सकाळी एकानं इथं लिहिलंय, "रस्त्यावरून आणलेलं कुत्रं खाऊ देऊन सुधारत नाही. काट्याचा पट्टा घाला, दोन फटके द्या, जागेवर बसतं." राहवलं नाही म्हणून लिहायलोय. आमचा मोत्या फाटकातून निसटायचा, तासाभरानं परत यायचा आणि आला की वडील चप्पल काढायचे. त्याच्या लेखी हिशेब सरळ: घरी गेलं की मार. एका दुपारी गंगाखेड रोडवर मी हाक मारली. त्यानं मला बघितलं, कान पाडले, पोट जमिनीला घासत मागं सरकला आणि वळून पळाला. थेट उसाच्या ट्रॅक्टरखाली. मागचा पाय काढावा लागला. माझ्याच हाकेला भिऊन पळाला तो! नंतर वीस फुटी कासरा बांधून, हाकेला आला की उकडलेल्या कलेजीचा तुकडा, असं तीन महिने केलं. आता तीन पायांवर येतो, पण पळत येतो.

केजवाला: वाईट झालं भाऊ. पण कलेजी शहरात चालते. आमच्या वस्तीवर शेजाऱ्याच्या चाळीस शेळ्या. कुत्र्यानं एकदा करडाला तोंड लावलं की दुसऱ्या दिवशी भाकरीतून विष येतं. माझं पहिलं कुत्रं तसंच गेलं, तोंडाला फेस, माझ्या मांडीवर. दुसरं शेळीमागं धावलं तेव्हा धावतानाच पाठीत एक काठी हाणली. पाच वर्षं झाली, जिवंत आहे. काठीनं वाचलं ते.

नांदेडची ताई: दादा, आमची कुत्री गुरगुरली की सासरे फटका द्यायचे. गुरगुरणं बंद झालं, सगळे म्हणाले सुधारली. मग पुतण्या तिच्या ताटलीजवळ गेला आणि तिनं आवाज न करता त्याचा हात फोडला. पंधरा मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुतला, त्याच दिवशी रेबीजची लस सुरू केली, जखमेत सीरम टोचलं. लेकरू किती रडलं! गुरगुरून ती आधी सांगायची, ते सांगणंच आम्ही मारून टाकलं.

लातूरकर: गावठी आणताच कशाला? कारवानी घ्या. आपल्या मातीतली जात, घरच्या माणसाला जीव लावते.

परभणीकर: विषय दत्तक कुत्र्याचा चाललाय. आणि कारवानी वासावर नाही, नजरेवर धावणारं, हललेलं दिसलं की त्याच्यामागं. ससा उठला की तुमची हाक त्याच्या कानातच शिरत नाही.

लातूरकर: तुम्ही पाळलंय का कधी? आमच्याकडं आजोबांपासून आहेत.

केजवाला: सशामागं सोडायलाच ना? १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे तो.

लातूरकर: शब्द मागं घ्या! मी शिकारी नाही. शिकारीला वापरून, वय झाल्यावर माळावर सोडलेल्या दोन कारवानी मी घरी आणल्यात. बरगड्या मोजता यायच्या. एक तर अकरा दिवस बाजेखालून निघाली नाही. झाडू उचलला तरी लघवी करायची.

नांदेडची ताई: मग तीही दत्तकच की. कशी निघाली?

लातूरकर: बाजेशेजारी बसून जेवायचो. तिच्याकडं न बघता भाकरीचा तुकडा टाकायचो. बाराव्या दिवशी तिचं नाक माझ्या गुडघ्याला लागलं. मारून ती निघाली नसती, एवढं मान्य. पण गावठीवाल्यांनी आमच्या जातीला नावं ठेवू नयेत.

केजवाला: शिकारीचं बोललो ते मागं घेतो. पण माझ्या करडांचं काय?

परभणीकर: तुमची काठी नेमकी धावतानाच बसली म्हणून त्याला कळलं. आमची चप्पल तासाभरानं बसायची. क्षण चुकला की कुत्रं शेळीला नाही, तुम्हाला भ्यायला शिकतं. शेळ्या सुटायच्या वेळी कासरा लावा. शेळी दिसली आणि ते तुमच्याकडं वळलं की तुकडा द्या. धावायची संधीच देऊ नका.

केजवाला: पेरणीच्या दिवसांत कुत्र्यामागं कासरा धरून कोण फिरणार? नवीन पिल्लू आणलंय, त्याला महिनाभर लावून बघतो. पण शेळीकडं झेपावलं तर मी ओरडणार.

परभणीकर: ओरडा की, तेवढं मीही ओरडतो. काठी नको. आणि कासऱ्याच्या टोकाला गाठ मारा, हातातून सटकतो.