मदत हवी आहे : शेठच्या शब्दावर चालणारा सीएसआर रुळावर कसा आणायचा?

नमस्कार मंडळी. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचं सीएसआर (कायद्यानं कंपनीला करावा लागणारा सामाजिक खर्च) धोरण लिहायचं आहे. मागच्या 3 वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे 2 टक्के म्हणजे साधारण 40 लाख. रक्कम 50 लाखांच्या आत, म्हणून कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार वेगळी समिती सक्तीची नाही. सगळं संचालक मंडळाच्या हाती. मंडळ म्हणजे एकच घर, गोम तिथंच आहे.

फेब्रुवारीपर्यंत विषय निघत नाही. मार्चमध्ये धावपळ, आणि मग गावच्या सभामंडपाचा आग्रह. तो कायद्याच्या अनुसूची 7 मध्ये, म्हणजे मान्य कामांच्या यादीत, बसत नाही. फक्त कामगारांच्या फायद्याचं कामही धरत नाहीत. थोरल्या शेठना 'नाही' म्हणायची रीत ऑफिसात नाही, त्यामुळे हे ऑडिटच्या वेळीच निघतं.

बदनापूर भागात नाला खोलीकरण सुचवलं आहे. खरं काम एप्रिल-मेमध्ये, वर्ष मात्र 31 मार्चला संपतं. बहुवर्षीय प्रकल्प म्हणून आधीच ठराव केला, तर उरलेली रक्कम 30 एप्रिलपर्यंत वेगळ्या बँक खात्यात टाकून पुढच्या 3 आर्थिक वर्षांत खर्चता येते. नसेल तर 6 महिन्यांत अनुसूची 7 मधल्या निधीत भरावी लागते.

विचारायचं हे :

सक्ती नसताना समिती नेमून तिच्यात बाहेरचा माणूस, निदान एक स्वतंत्र संचालक, कोणी बसवला आहे का? घरच्यांना कसं पटवलं?

ठरावाचा मसुदा असेल तर द्या. जूनमध्येच गावांची पाहणी होईल असं वेळापत्रक त्यात हवं.

सीएसआर-1 नोंदणी (सीएसआरची कामं घ्यायला संस्थेला लागणारी सरकारी नोंदणी) असलेली, गाळ परत साचल्यावरही गावात दिसणारी संस्था जवळपास आहे का?