विना कैफियत, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराशिवाय दावा पुढे चालवण्याचा, आदेश झाला. वकिली सोडू का?

निफाडची ज्युनिअर:
पाच वर्षांचा बीएसएल एलएलबी केला, बार परीक्षाही पहिल्याच खेपेला निघाली. आठ महिने झाले, नाशिकच्या जिल्हा न्यायालयात एका सीनिअरांकडे आहे. एसटी द्वारका ओलांडून सीबीएस बसस्थानकाकडे निघाली की पोटात गोळा येतो.

मखमलाबादच्या एका द्राक्षवाल्या काकांवर बांधाचा दावा आहे, आम्ही प्रतिवादीकडून. कैफियतीची तारीख मी डायरीत चुकीची उतरवली. पुकारा झाला तेव्हा मी दुसऱ्या कोर्टात मुदतीचा अर्ज देत होते. परत येते तो रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या तारखेवारी नोंदीत, विना कैफियतचा आदेश! सीनिअर बाररूममध्ये सगळ्यांदेखत बोलले. काकांनी एवढंच विचारलं, "ताई, जमीन जाईल का हो माझी?" तेव्हापासून रात्री तीनला जाग येते आणि मी डायरी चाळत बसते.

समन्स मिळाल्यापासून ९० दिवस उलटले की कैफियतीचा हक्क संपला, एवढंच आम्ही पाठ केलेलं. दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या या मुदतीच्या ऑर्डर ८ नियम १ वर पेपरात पानभर लिहिलं, पण खरी कैफियत पाच वर्षांत हातात धरली नाही. इंटर्नशिपच्या २० आठवड्यांपैकी बरेचसे मी नुसत्या सर्टिफिकेटवर भरून काढले, त्याचं आता वाईट वाटतं. आई म्हणते, स्पर्धा परीक्षा दे. सोडू का?

दिवाणी बाजू, २३ वर्षं:
अगं, सोडायचं नंतर बघू, आधी कैफियत. साध्या दिवाणी दाव्यात ९० दिवस गेले म्हणून हक्क आपोआप बुडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये कैलाश विरुद्ध नन्हकू प्रकरणात हे स्पष्ट केलंय. कारण पटवावं लागतं, बहुधा खर्चही भरावा लागतो. व्यापारी दावा असता तर १२० दिवसांपुढे एक दिवस मिळाला नसता. आदेश रद्द करण्याचा अर्ज दे, सोबत तयार कैफियत आणि तुझं शपथपत्र जोड. डायरीतली चूक जशी झाली तशी लिही, झाकू नकोस.

आणि एका ज्युनिअरला एकाच वेळी दोन कोर्टांत धाडणं ही सीनिअरांचीही चूक आहे. हे मी सीनिअर म्हणून सांगते आहे.

निवृत्त कोर्ट कर्मचारी:
मुली, मी ३१ वर्षं न्यायालयात काढली. कॉलेजची मुलं यायची, दारातून डोकावायची, सही घेऊन जायची. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला बसून पाहायचा, रोजची नोंद ठेवायची, असं आहे. ते खरोखर करून घेतलं तर निम्मी भीती तिथेच जाईल. तू आता एक निकाली दावा घे. दावापत्र, निशाणी ५ चा (तात्पुरत्या मनाईचा) अर्ज, कैफियत, मुद्दे, उलटतपास, हुकूमनामा, सगळं रोजनाम्याशी ताडून वाच. कोणत्या तारखेला काय घडतं ते दिसेल.

सातपूरकर:
मलाही पहिल्या वर्षी झोप नव्हती. १४४१६ या टेलिमानसच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर फोन केला. मोफत आहे, मराठीत बोलतात, रात्रीही लागतो. त्यांनीच डॉक्टरांकडे जायला सांगितलं, मी गेलो. आम्ही तिघं ज्युनिअर दर शुक्रवारी एकमेकांच्या डायऱ्या कोर्टाच्या बोर्डाशी, म्हणजे प्रकरणांच्या यादीशी, ताडतो. ये तू पण.

निफाडची ज्युनिअर:
अर्ज दाखल केला. समोरच्यांचं म्हणणं मागवलंय. काकांना काल फोन करून सांगितलं की तारीख मी चुकवली. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, पुढच्या तारखेला मीही येतो. शुक्रवारी किती वाजता भेटता?